नऊ बाय आठ

बेडरूम म्हणायचं म्हणून बेडरूम.
नऊ फूट बाय आठ, त्यातही कोपऱ्यातला खांब
दीड फूट आत आलेला, पाहुण्यासारखा,
जो उठायचं नाव घेत नाही.

कन्नमवार नगरात घर घेतलं तेव्हा
मी टेप घेऊन तीन रविवार नुसती मोजत बसले.
दाराच्या वर सोळा इंच. खिडकीखाली अठ्ठावीस.
खांब आणि भिंत यांच्यामध्ये पाच,
तिथे इस्त्रीचं टेबल उभं जातं, तिरकं केलं तर.
मोतीलाल जांगिड कानावरची पेन्सिल काढून म्हणाला,
"भाभी, सगळं बसेल. पण हवा को किधर रखोगे?"
मी म्हटलं, हवेला खिडकी आहे.
तो हसला, आणि खिडकीखाली अजून एक कपाट आखलं.

पलंगाच्या पोटात काय नाही?
चार रजया, एकदाच माथेरानला गेलो होतो त्याच्या,
गणपतीचं मखर,
हेरंबची कॉलेजातली ड्रॉइंगं, नळकांडी करून,
मिक्सरचा खोका, वॉरंटीसाठी जपलेला
(वॉरंटी संपली, खोका आहे),
आणि माझा शालू, मलमलीत गुंडाळलेला.
रोज त्याच्यावर झोपते, नेसत कधीच नाही.

काही काढायचं तर आधी माणूस उठवायचा,
मग चादर, मग गादी, मग हायड्रॉलिकचा तो सुस्कारा.
हेरंब म्हणतो, पलंगात टाकलेलं
आणि समुद्रात टाकलेलं सारखंच.
समुद्र निदान परत आणून देतो.

कपाटाच्या दारांची आतली बाजूही मी सोडली नाही,
बांगड्या, पट्टे, छत्र्या, सगळं लटकतं.
शेजारच्या मिसेस डिकुन्हा फोटो काढून घेऊन गेल्या.
मी एकेक दार उघडून दाखवत होते,
मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं.

एप्रिलात पमाआत्या आली, राजापूरहून.
परळच्या हॉस्पिटलात, दर एकवीस दिवसांनी, सहा वेळा.
एक कापडी पिशवी, एक फाइल, बरणीभर आमसुलं.
दारातच म्हणाली, "हे कुठे ठेवू गं?"

मी एक दार उघडलं.
मग दुसरं.
मग खिडकीखालचं.
वॉरंटी संपलेल्या खोक्याला जागा होती.

"राहू दे," म्हणाली, "एखादा खिळा असला तर बघ."

अख्ख्या खोलीत खिळा नव्हता.
भिंत म्हणून कुठे दिसतच नव्हती, सगळं सनमायका.
उरला तो खांब. दोन खिळे वाकले,
तिसरा गेला, तोही तिरका.
त्यावर तिची पिशवी. मग टॉवेल.
मे संपता संपता एक निळा स्कार्फ,
डोक्यावर नसला की तिथे असायचा.

आम्ही बाहेर हॉलमध्ये, ती पलंगावर,
आमच्या सगळ्या सामानाच्या वर एकटी.
रात्री कूस बदलली की फळी करकरायची.
सकाळी विचारायची, "माझ्या वजनानं
तुझ्या रजया चेपल्या तर नाही ना?"
वजन तेव्हा एकोणचाळीस किलो.

ऑगस्टच्या शेवटी गेली गावी. पिशवी घेऊन, बरणी ठेवून.
खिळा हेरंबच्या दंडाला लागतो, काढ म्हणतो.
बिजागरी बदलायला आला तेव्हा मोतीलालही म्हणाला,
खांबावर साडेतीन इंचाचं रॅक सहज बसेल,
बाटल्या, औषधं, काय पाहिजे ते.
मी टेप लावून पाहिली. बसतं खरं.
वहीत लिहूनही ठेवलं.

पण नोव्हेंबरात तिची तपासणी आहे.
मोतीलालला म्हटलं, नंतर बघू,
आणि जाता जाता तो मिक्सरचा खोका तेवढा
खाली भंगारवाल्याकडे टाकायला दिला.

पलंगात आता त्याच्याएवढा एक चौकोन मोकळा आहे.
हेरंबला सांगितलेलं नाही अजून.
सांगितलं की त्याला लगेच
बॅडमिंटनच्या रॅकेटी आठवतील.